खोटी साक्ष आपल्या बाजूची असली तरी

धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा शिकवायला पूर्वी मला एक तास पुरत असे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही, हे लहान मुलालाही चटकन कळतं. (प्रॉटेस्टंट बांधवांच्या क्रमवारीत हीच आज्ञा नववी येते.) आता त्या एका आज्ञेवर मी कितीतरी रविवार घालवते. वर्गातल्या मोठ्या मुलांच्या हातात मोबाइल आहे, आणि आमच्या घरात जे घडलं त्यानंतर माझी खात्री झाली आहे की आजच्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा सर्वांत जास्त याच आज्ञेवर जोखली जाते आहे.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामाचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणातली माणसं अजून रोज एकमेकांना बाजारात भेटतात. मुलाचंही नाव लिहीत नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी वेदीसेवक होता, मोठा झाल्यावर गायकवृंदात आला. गावात कुणाच्या घरी मयत झाली तर खुर्च्या उचलायला सर्वांत आधी पोचणारा. हे सांगते, कारण असं काही घडलं की ‘पोरगा वाया गेलेला असेल’ असं लोक गृहीत धरतात.

सुरुवात एका फोटोने झाली. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर पेटलेल्या चर्चचा फोटो आला. खाली मजकूर होता: दूरच्या एका राज्यात काल रात्री चर्च पेटवलं, आत झोपलेल्या सिस्टर होरपळल्या, एकही वाहिनी हे दाखवणार नाही, प्रार्थना करा आणि निदान दहा जणांना पाठवा. गटावर जोडलेल्या हातांची रांग लागली. संध्याकाळी दोन-तीन घरांत रोझरीनंतर त्या सिस्टरांसाठी वेगळी प्रार्थना झाली. ती प्रार्थना मनापासूनची होती, याबद्दल मला शंका नाही.

पुढच्याच आठवड्यात वसई विजयाचा दिवस आला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी किल्ल्यात कार्यक्रम होतो, आणि व्हावाच. पण अलीकडे त्या दिवशी मोबाइलवर दुसरंही बरंच काही फिरतं. आम्हाला ‘पोर्तुगिजांची पिल्लावळ’ म्हटलं जातं, तुमच्या चर्चच्या घंटा आमच्या देवळांत वाजतात अशी टोचणी दिली जाते. तसल्याच एका पोस्टखाली माझ्या भाच्याने चिमाजी अप्पांविषयी एक ओळ लिहिली. ती मी इथे लिहिणार नाही. रात्री नऊच्या सुमाराला त्या ओळीचा स्क्रीनशॉट शेजारच्या गावांत पोचला आणि साडेनऊला बहिणीच्या फाटकासमोर मोटारसायकली उभ्या राहिल्या.

त्या रात्री अनर्थ झाला नाही, तो एका माणसामुळे. भाच्याच्या वर्गमित्राचे वडील, घरात रोज देवपूजा करणारे गृहस्थ, किल्ल्यातल्या त्या कार्यक्रमाला नेमाने जाणारे. त्यांच्याही मोबाइलवर तो स्क्रीनशॉट आला होता आणि त्यांनाही तो लागला होता. ते येऊन फाटकापाशी उभे राहिले. जमलेल्या पोरांना म्हणाले, “उद्या सकाळी याला घेऊन मी स्वतः चौकीवर जातो. आता घरी जा.” दुसऱ्या दिवशी ते खरोखर बरोबर आले. भाच्याने लेखी माफी दिली, पोस्ट काढली, तक्रारीचा गुन्हा झाला नाही. तो तेव्हा जहाजावरच्या नोकरीसाठी कागदपत्रं जमवत होता. पोलिसांच्या दाखल्यावर एक शेरा पडला असता तर ती नोकरी गेलीच असती.

फोटोचा उलगडा नंतर झाला. आमच्या गायकवृंदातल्या एका मुलीने गूगल लेन्सवर तो शोधला. ते चर्च भारतातलं नव्हतंच. परदेशातल्या एका जुन्या आगीचा फोटो होता. भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तो फोटो पाहिल्यापासून माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मग आपल्यावर अन्याय होतो ते सगळं खोटंच का?”

त्याला मी जे उत्तर दिलं, तेच या लेखात विस्ताराने मांडते आहे.

अन्याय होतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. २००८ साली ओडिशातल्याच कंधमालमध्ये ऑगस्टपासून कित्येक आठवडे घरं आणि चर्चं पेटत होती. पार्किन्सनने हात थरथरणारे चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी खटला सुरू होण्याआधीच, कोठडीत असताना, ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात वारले. दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा परिणाम. तो आदेश १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांसाठी बदलला, आपल्यासाठी आणि मुसलमानांसाठी आजवर बदललेला नाही. या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे, गाव आहे, कोर्टाचे किंवा सरकारचे कागद आहेत. आपली खरी साक्ष ही आहे. तिच्यात जळत्या चर्चचा एक खोटा फोटो मिसळला की समोरच्याला एवढंच म्हणायचं उरतं, ‘हे लोक असंच सांगतात.’ ज्यांची घरं खरोखर जळली त्यांच्यावर हा दुसरा अन्याय, आणि तो आपल्या हातून झालेला असतो.

आपण अल्पसंख्य आहोत, म्हणून हा मोह आपल्याला जास्त घेरतो. भीती दाखवणारा निरोप श्रद्धेच्या नावाने येतो, प्रार्थना मागतो, म्हणून तो तपासणं आपल्याला अश्रद्धपणाचं वाटतं. अफगाणिस्तानात बावीस मिशनरी कुटुंबांना उद्या ठार मारणार आहेत, असा निरोप तुमच्याकडेही आला असेल. तो अनेक वर्षं फिरतो आहे, आणि २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं तेव्हा पुन्हा जगभर फिरला. खरी घटना २००७ ची होती. तालिबानने दक्षिण कोरियाच्या तेवीस ख्रिस्ती स्वयंसेवकांना ओलीस धरलं, त्यांतल्या दोघांना मारलं, बाकीचे सुटले. त्या दोघांची नावं कुणाला आठवत नाहीत. न घडलेल्या बावीस कुटुंबांसाठी मात्र आपण अजून निरोप पाठवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या संदेशात खोट्या बातमीची सुरुवात एदेन बागेतल्या सर्पापासून दाखवली आहे. सर्पही हव्वेशी देवाविषयीच बोलत होता, हे मी मुलांना मुद्दाम लक्षात आणून देते. धार्मिक भाषेत आलेलं सगळं देवाकडूनच आलेलं नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: जो निरोप तुमच्या धर्माच्या बाजूने आहे, तो विरोधातल्या निरोपापेक्षा जास्त कसून तपासा. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असं दिसलं की तो मजकूर तुमच्या ओळखीच्या माणसाचा नाही, एवढं समजून घ्या. फोटो शोधायला दोन मिनिटं पुरतात. गावाचं नाव, तारीख, तिथल्या धर्मप्रांताचं निवेदन यांपैकी काहीच नसेल तर थांबा. प्रार्थना जरूर करा, ती करायला निरोप पुढे पाठवावा लागत नाही. आणि बातमी खरी निघाली तर फॉरवर्ड करून थांबू नका. त्या लोकांना वकील हवा आहे का, पैसे हवे आहेत का, ते धर्मप्रांतामार्फत विचारा.

अफवेची किंमत आमच्या पालघर जिल्ह्याला चांगली माहीत आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने ठार मारले. मुलं पळवणारे, चोर फिरत आहेत, अशा अफवा त्या भागात आधीपासून पसरल्या होत्या. आणि त्या मृत्यूंनंतर लगेच दुसरी अफवा पसरली की यामागे मिशनरी आहेत. त्या दिवसांत आमच्या सिस्टर आदिवासी पाड्यांवर जायला घाबरत होत्या. अफवा कुणी उठवली आणि कुणावर उलटली, याचा हिशेब लागत नाही. जी अफवा आज आपल्याला सोयीची वाटते तिच्यापासूनही ख्रिस्ती माणसाने दूर राहायला हवं, ते यासाठीच.

आता इतिहासाबद्दल. आमच्या मुलांना मे महिन्यात सर्वांत जास्त त्रास यानेच होतो. पोर्तुगिजांची बाजू घेणं हे आपलं काम नाही. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला छोटा खंड सोडला तर, इन्क्विझिशन होतं. तिथल्या हिंदूंची देवळं पाडली गेली, माणसांवर आणि त्यांच्या चालीरीतींवर जुलूम झाला. वसईवरही तीच राजवट होती. हे मान्य करायला कॅथलिक माणसाला कशाचीच आडकाठी नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर उपासनेत ख्रिस्तसभेच्या लेकरांनी धर्माच्या नावावर केलेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. पोपना ज्याची लाज वाटली नाही त्याची आपल्याला का वाटावी? आणि दुसरी बाजूही मुलांना शिकवायला हवी. मराठ्यांची सत्ता आल्यावर वसईतली ख्रिस्ती उपासना बंद पडली नाही. आमचे पूर्वज त्या राज्यात राहिले, शेती केली, मराठी बोलले, ख्रिस्ती राहिले. चिमाजी अप्पांच्या विजयाचा मान राखायला वसईच्या ख्रिस्ती मुलाला काहीच हरकत नसावी. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली पोर्तुगीज घंटा भाच्याला दाखवायला मी मुद्दाम घेऊन गेले. तिथल्या पुजाऱ्यांनी आम्ही कुठले ते विचारलं आणि घंटेची सगळी हकिगत आपलेपणाने सांगितली. ज्या गोष्टीवरून मोबाइलवर शिव्यांची लाखोली वाहिली जाते, तिच्याविषयी समोरासमोर इतकं साधं बोलता येतं.

‘इटलीला जा’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटलं तर फादर स्टीफन्सचं मराठीतलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, एवढं सांगावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव सांगावं. २०१९ मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा एक धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, म्हणून समाजमाध्यमांवर केवढा गदारोळ झाला, धमक्यांचे फोन आले. तरी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले. त्यांची खरी बाजू आधीच्या अनेक वर्षांच्या मराठी लेखनाने आणि ‘सुबोध बायबल’ने मांडून झालेली होती.

दिब्रिटोंमुळे राजकारणाकडे येते, कारण वसईत श्रद्धा आणि राजकारण यांचं सर्वांत चांगलं नातं मी त्यांच्याच काळात पाहिलं. ‘हरित वसई’च्या चळवळीत शेतजमिनी आणि विहिरींचं गोडं पाणी वाचवायला माणसं रस्त्यावर आली, त्यात मिस्सेहून आलेली होती तशी देवळातून आलेलीही होती. ख्रिस्ती माणसाने राजकारणात पडावं का, असं मला कुणी विचारलं की मी त्या चळवळीकडे बोट दाखवते. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या बंदिवान यहुद्यांना ते ज्या नगरात आहेत त्या नगराचं भलं पाहायला सांगितलं होतं. आपण तर बंदिवानही नाही, या देशाचे नागरिक आहोत. मतदान करा, पक्षात जा, निवडणूक लढवा. पण मोबाइलवर राजकारण करणं फार वेगळं असतं. तिथे विहिरीचा प्रश्न कुणी काढत नाही, सगळे शत्रू शोधत असतात.

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आमच्या फादरांच्या प्रवचनाची एक चित्रफीत फिरली. प्रवचन मी पहिल्या बाकांत बसून ऐकलं होतं. एका पक्षाचं नाव घेऊन ते म्हणाले होते की अमक्या पक्षाला मत द्या असं वेदीवरून सांगायचा मला अधिकार नाही. चित्रफीत ‘मत द्या’पाशी तोडली होती. दोन दिवस त्यांना फोनवर काय काय ऐकावं लागलं ते मी लिहिणार नाही. कापणारा बाहेरचा नव्हता, आपल्याच मिस्सेला येणारा कुणीतरी होता. पुरं प्रवचन नोंदलेलं होतं म्हणून ते निभावले. तेव्हापासून आमच्याकडे निवडणुकीच्या काळातलं प्रत्येक प्रवचन आम्हीच नोंदवून ठेवतो. प्रत्येक धर्मग्रामाने ठेवावं.

फादर जे म्हणाले ते नियमाला धरून होतं. धर्मगुरूंनी राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये, असं ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. धर्माच्या नावाने मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी हे आणखी व्यापक केलं. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येत नाही. चर्चचं आवार पक्षाच्या प्रचाराला वापरणं १९८८ च्या एका वेगळ्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता, तो आपला सख्खा भाऊ असला तरी, धर्मग्रामाच्या गटावर पत्रक टाकत असेल तर त्याला थांबवा.

लिहिणाऱ्या तरुणांसाठी कायद्याचं आणखी थोडं. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टबद्दल आणि त्या पोस्टला लाइक केल्याबद्दल दोन मुलींना अटक झाली. त्यावरून गाजलेल्या खटल्यात मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम रद्द झालं. त्यावरून काहीही लिहायची मोकळीक मिळाली असं समजू नका. भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९ ही कलमं, म्हणजे समाजांत वैर वाढवणं आणि धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं, यांत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या पोस्टवरून नोटीस आली तर एकट्याने चौकीवर जाऊ नका, वकील आणि गावातला एक जाणता माणूस बरोबर घ्या.

गट चालवणाऱ्यांनी घाबरू नये. सभासदाच्या मजकुराबद्दल नुसता ॲडमिन असणाऱ्याला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण कायद्याने सुटलो म्हणजे देवासमोर सुटलो असं होत नाही. आमच्या गटावर आता मिस्सेच्या वेळा, मयतीची सूचना, रक्ताची गरज आणि फादरांच्या सूचना एवढंच येतं. ते ॲडमिनच टाकतात. चर्चा महिन्यातून एकदा हॉलमध्ये होते, समोरासमोर, पंख्याखाली बसून. तिथेही माणसं तावातावाने भांडतात, पण भांडून झालं की चहा पिऊन घरी जातात.

राजकारणावरून घरं तुटू नयेत, यासाठी दोन गोष्टी मला मनापासून सांगायच्या आहेत. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे. भावाचं चुकलं तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळीसमोर ठेवा. आपण याच्या बरोबर उलट करतो. आधी सगळ्यांसमोर लिहितो, आणि भेटायला जायची वेळ येईतो तोंड बघायचीही इच्छा उरत नाही. दुसरी गोष्ट कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात आहे. खोटी बदनामी पाप आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरा दोषही रास्त कारणाशिवाय, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणं तिथे पापच मानलं आहे, आणि पुराव्याशिवाय कुणाला मनातल्या मनात दोषी धरणंही. ‘मी खरंच तर टाकलं’ हे उत्तर ख्रिस्ती माणसाला पुरत नाही. प्रायश्चित्त संस्काराला जाताना गेल्या महिन्यातले आपले फॉरवर्ड एकदा वाचून जा, असं मी मोठ्या मुलांना सांगते. पहिल्यांदा मुलं हसतात. पुढच्या वेळी काही जण आपणहून मोबाइल काढून वाचत बसतात.

ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. नवरा आणि दोन मुलगे गमावल्यावर त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, आणि बारीपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा पुढे चालवली. खटला न्यायालयात चालला, शिक्षा झाली. क्षमा केली म्हणून न्याय थांबवायला हवा, असं त्यांनी म्हटलं नाही. न्याय मागितला म्हणून द्वेषही केला नाही. आपल्या तरुणांना लढाऊ नमुना हवा असेल तर तो या बाईंचा घ्यावा.

हे वाचणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाला आणि मंडळीला माझी विनंती आहे. पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता तुमच्या गटाचे नियम लिहून काढा आणि फलकावर लावा. फोटो आणि बातम्या तपासणाऱ्या दोन तरुणांची नावं त्याखाली लिहा, म्हणजे आजीबाईंना कुणाला विचारायचं ते कळेल. आणि शेजारच्या देवळाच्या, मशिदीच्या, विहाराच्या एका तरी जबाबदार माणसाचा नंबर आजच मागून घ्या. रात्री साडेनऊला फाटकासमोर गर्दी जमते तेव्हा नवीन ओळख करून घ्यायला वेळ नसतो.